दोनवर थांबलेली फीत

आमच्या भावोजींनी आयुष्यात सरळ अशी एकच गोष्ट केली, ती म्हणजे रेघ. बाकी त्यांचं सगळं वाकडंच. बोलायला लागले की विषय सोडून भलतीकडे जातात, सायकलवर बसले की रिकाम्या रस्त्यातला एकुलता एक खांब शोधून त्याला भिडतात, आणि लग्नाच्या एकूण एक फोटोत डोळे मिटून उभे आहेत. पण हातात फक्कीचा डबा दिला की हाच माणूस मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी रेघ ओढतो की बघणाऱ्याने दोरी शोधावी. दोरी नसते.

फक्की म्हणजे मैदानावर रेघा आखायची पांढरी पूड. आमच्या शहराच्या जुन्या स्टेडियममध्ये भावोजींनी ती छत्तीस वर्षं टाकली. सेवापुस्तकात त्यांचा हुद्दा 'मैदान सहायक, दुय्यम' असा होता, पण अधीक्षक साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना फक्कीवालेच म्हणायचे. त्यांचे केस खरोखरचे पांढरे झाले, तेव्हा ते पुष्कळ दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मी त्यांची मेहुणी. त्याच स्टेडियमच्या कार्यालयात टंकलेखक आहे. त्यामुळे या गृहस्थांची घरची हकिकत बहिणीच्या तोंडून आणि कामावरची स्वतःच्या डोळ्यांनी, अशी दोन्हीकडून मला मिळत आली. त्यांची स्वतःची बाजू त्यांना नीट सांगता येत नाही, म्हणून तीही मीच सांगते.

आमचं स्टेडियम ऐतिहासिक आहे. ऐतिहासिक म्हणजे छत गळतं, पण त्याला हात लावायला वरून परवानगी लागते. पुढे दगडी कमान आहे, आत लाकडी बाकं आहेत, आणि मनोऱ्यावरचं घड्याळ चार दिशांना चार वेळा दाखवतं. इथे फुटबॉलचे सामने झाले, कुस्त्या झाल्या, सर्कस येऊन गेली. एकदा एका गायकाला ऐकायला लोक मनोऱ्यावर चढले आणि त्यांना उतरवायला अग्निशमन दलाला यावं लागलं. उतरताना ते आणखी एक गाणं म्हणा म्हणून ओरडत होते. पाहुण्यांना साहेब सांगतात, या मातीत इतिहास आहे. भावोजी सांगतात, या मातीत बाटल्यांची बुचं आहेत, कालच पोतंभर काढली.

निवडणुकीच्या सभांचं कामही भावोजींकडेच. खुर्च्या कुठे मांडायच्या त्याचे चौकोन ते फक्कीने आखून देत. सभेच्या आदल्या दिवशी पक्षाचा एक माणूस येऊन कानात सांगायचा, चौकोन जरा मोठे काढा, म्हणजे माणसं कमी आली तरी मैदान भरल्यासारखं दिसेल. पुढच्या आठवड्यात समोरच्या पक्षाचा माणूस यायचा, त्याला त्याहून मोठे हवे असायचे. एका वर्षी निवडणूक इतकी अटीतटीची झाली की शेवटच्या सभेला दोन खुर्च्यांच्या मधे म्हैस निवांत बसली असती. शेजारच्याशी बोलायला लोकांना ओरडावं लागत होतं. वक्त्याला वाटलं घोषणा चालल्या आहेत, आणि तो आणखी तासभर बोलला.

या सगळ्या आखणीला फीत एकच होती. पन्नास मीटरची, कापडी, चामड्याच्या चपट्या डबीत गुंडाळलेली. तिचा पहिला मीटर नव्हता. कधीतरी तो रोलरखाली गेला आणि तुटला. तेव्हापासून मैदानावर नियम पडला की शून्य विसरायचं आणि एकपासून मोजायचं. नवा माणूस कामावर आला की त्याला हजेरीपट दाखवायच्या आधी हे सांगत. नवी फीत मिळावी म्हणून दरवर्षी अर्ज जायचा. मी नोकरीला लागल्यावर पहिली नऊ वर्षं तो अर्ज मीच टंकित केला. दहाव्या वर्षी उत्तर आलं, की सदर फीत ऐतिहासिक असल्यास तिची वस्तुसूचीत नोंद घ्यावी.

आता जरा लक्ष द्या, कारण आमच्या घराचा पाया याच हिशेबावर उभा आहे. या फितीने शंभर मीटर मोजायचे तर एकपासून पन्नासपर्यंत ताणायची, ते झाले एकोणपन्नास. तिथे खुंटी ठोकून पुन्हा तेवढेच, म्हणजे अठ्ठ्याण्णव. राहिले दोन. ते दोन घ्यायला फीत एकवर धरून तीनपर्यंत ओढायची. भावोजी हे झोपेतही करत. जागेपणी मात्र एकदा चुकले.

एकतीस वर्षांपूर्वी शहराच्या क्रीडास्पर्धा होत्या. माझी ताई तेव्हा वीस वर्षांची, शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत पोचलेली. आदल्या दिवशीच्या रेघा सकाळी पाणी मारताना पुसल्या गेल्या होत्या, म्हणून बायकांच्या शर्यतीआधी पुन्हा आखायच्या होत्या. भावोजी सत्तावीस वर्षांचे, बिनलग्नाचे आणि त्या दिवशी नव्या शर्टात. अठ्ठ्याण्णव मोजून झाले होते आणि ते शेवटच्या खुंटीपाशी उकिडवे बसले होते. एवढ्यात अंग गरम करत ताई गुडघे उचलत तिथे आली आणि म्हणाली, "काका, जरा बाजूला व्हा ना."

काका. सत्ताविसाव्या वर्षी. डोक्यावर फक्की उडून केस पांढरे झाले होते हे खरं, पण घाव बसायचा तो बसला. भावोजी फीत हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. ती वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा भानावर आले, पुटपुटले, "राहिले दोन," आणि फीत दोनवर थांबवून तिथे शेवटची रेघ मारली. सुरेख, सरळ आणि एक मीटर अलीकडे.

पंच तपासायला आले. त्यांनी रेघेकडे पाहिलं, "वा" म्हणाले आणि कागदावर सही केली. एवढी नीटनेटकी रेघ चुकीच्या जागी असेल असं कुणाला कशाला वाटेल?

ताई धावली बारा पॉइंट एक. मैदानाचा आधीचा विक्रम बारा पॉइंट चार होता. लाकडी बाकं इतकी वाजली की त्यातली दोन मोडली, ती अजून तशीच आहेत, परवानगी यायची आहे. दुसरी आलेली मुलगीही आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या वेगाने धावली होती, पण दुसरीकडे कोण बघतो? ताईला लोकांनी उचललं, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि कमानीतल्या दगडी पाटीवर तिचं माहेरचं नाव कोरलं गेलं. पुढे शाळेत खेळाच्या शिक्षिकेची नोकरी लागली तीही त्या पाटीच्या जोरावर.

दुसऱ्या दिवशी अडथळ्यांच्या शर्यतीसाठी मोजणी करताना भावोजींना एक मीटर कुठूनतरी जास्तीचा सापडायला लागला. तीनदा मोजलं. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला आणि पायाखालची जमीन सरकली, तीही नेमकी एक मीटर. साहेबांना सांगावं म्हणून ते कार्यालयात गेले, तर तिथे ताई उभी. ती त्यांना बघून पुढे आली आणि म्हणाली, "रेघा तुम्हीच आखता ना? फार छान होतं सगळं. थँक्यू."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत भावोजींचे आभार मानणारी ही एकच व्यक्ती. त्यांचं उघडलेलं तोंड मिटलं, आणि ते एकतीस वर्षं मिटलेलंच राहिलं.

आता यातली हसायची गोष्ट संपली. ताईला पुढच्या मोठ्या स्पर्धांना बोलावणी आली. प्रत्येक ठिकाणी ती धावायची बारा पॉइंट दोन, बारा पॉइंट तीन. शिकवणारे म्हणाले, विक्रम डोक्यात गेला. आमचे बाबा म्हणाले, आळशी झालीस. ताई रोज पहाटे साडेपाचला मैदानावर जायची आणि तो एक दशांश सेकंद शोधायची. दोन वर्षं. आणि तिच्यासमोर रेघा आखायला कोण, तर भावोजी. एकदा चुकलेला माणूस आता केसभरही चुकत नव्हता. रोज बरोब्बर शंभर मीटर. त्यांच्या पश्चात्तापाने ताईचा घात झाला.

मी ताईच्या खोलीत झोपायची, म्हणून मला माहीत आहे. ती घरी आली की न्हाणीघरात जायची, नळ सोडायची आणि रडायची. आईला वाटायचं पोरीला स्वच्छतेची फार आवड. दोन वर्षांनी एके दिवशी तिने धावायचे बूट, ते स्पाइक्स, कपाटाच्या माथ्यावर टाकले आणि म्हणाली, "जे होतं ते त्या एकाच दिवसापुरतं होतं." त्याच आठवड्यात भावोजींनी तिला मागणी घातली. मला तेव्हा वाटलं होतं, काय दिलदार माणूस आहे.

संसार चांगला झाला, हेही सांगायला हवं. ताई शाळेत शिकवायची आणि सकाळी मैदानावर मुलींना धावायला शिकवायची. भावोजी तिच्या मुलींना रेघा आखून द्यायचे. दोघांचं भांडण व्हायचं ते भावोजी गोष्ट सांगताना मधेच दुसऱ्या गोष्टीत शिरायचे म्हणून. त्या एका गोष्टीत ते कधीच शिरले नाहीत.

मग यंदा स्टेडियमला शंभर वर्षं झाली. वरून पत्र आलं, की शताब्दी साजरी करावी आणि सभागृह, संडास व इतिहास स्वच्छ करावा. फलकासाठी हे मीच टंकित केलं, मूळ मजकूर 'परिसर' असा असणार, पण वरच्यांच्या अक्षरापुढे कुणाचं काय चालतं. त्याच पत्रात होतं, की शताब्दी स्पर्धेत जो कुणी मैदानाचा विक्रम मोडेल त्याला क्रीडा वसतिगृहात थेट प्रवेश.

ताईकडे एक मुलगी होती. उंच, नुसते पाय. ताई तिला नाकतोडी म्हणायची. घरी शिकवायची ऐपत नव्हती, तेव्हा वसतिगृह मिळालं तर पुढचं आयुष्य, नाहीतर मावशीच्या शिवणकामात हातभार. नाकतोडी धावायची बारा पॉइंट दोन. आज बारा पॉइंट दोन, उद्या बारा पॉइंट दोन. मुंगी शिरायला जागा नाही एवढी ठरलेली. ताई घड्याळ बघून तिच्यावर ओरडायची, "मी तुझ्याएवढी असताना बारा पॉइंट एक धावले, आणि तेही मैत्रिणीचे बूट घालून. तुझ्या पायांना काय झालंय?" मुलगी खाली मान घालून उभी राहायची. बाजूला भावोजी फक्कीचा डबा धरून उभे असायचे आणि त्यांचा चेहरा डब्यात पडल्यासारखा व्हायचा.

शताब्दीला बारा दिवस राहिले असताना नाकतोडी माझ्या टेबलापाशी आली आणि मैदानाचं ओळखपत्र परत करायचं म्हणाली. मी विचारलं, "का गं?"

"माझ्यात तेवढं नाहीये," ती म्हणाली. "मॅडमना सांगू नका, मी आपोआप बंद होईन."

हे वाक्य मी आमच्या खोलीत एकोणतीस वर्षांपूर्वी दुसऱ्या शब्दांत ऐकलं होतं. मी ओळखपत्र घेतलं नाही. म्हटलं, रबरी शिक्का हरवलाय, पुढच्या आठवड्यात ये. मग जेवणाच्या सुट्टीत भावोजींना हे सांगितलं. ते न जेवताच उठले.

तासाभराने परत आले ते हातात कागद घेऊन. म्हणाले, "एवढा अर्ज टंकित करून दे."

मी वाचला. 'प्रति, माननीय प्रशिक्षिका, आमचे घर. विषय: शंभर मीटर अंतरात एक मीटर कमी भरल्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की...' आणि पुढे सगळं होतं. फीत, खुंटी, काका, दोनचा आकडा.

मी विचारलं, "हे खरं आहे?"

"तीनदा मोजलं होतं."

"आणि तुम्ही एकतीस वर्षं गप्प?"

"आधी वाटलं, विक्रम जाईल. मग वाटलं, ती जाईल. मग इतकी वर्षं झाली की आता काय जाईल तेच कळेना."

मला त्यांचा असा राग आला की तो अर्ज त्यांच्याच तोंडात कोंबावासा वाटला. ताईचा नळ मला आठवत होता. मी म्हटलं, "भावोजी, मी हे टंकित करणार नाही. याला आवक क्रमांक नाही आणि जावक क्रमांक नाही. तोंडाने सांगा."

"तोंडाने सांगायला गेलो की भलतंच निघतं," ते म्हणाले. "परवा सुरुवात केली होती. तुला काहीतरी सांगायचंय म्हणालो, आणि शेवटी गॅस संपत आलाय एवढं सांगून उठलो."

"ती मुलगी चालली आहे मैदान सोडून. तुम्ही सांगितलं नाहीत तर मी सांगेन, आणि मी सांगितलं तर तुम्हाला घरात कोण घेईल ते बघा."

त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "सांगण्यापेक्षा दाखवतो. परवा सकाळी ये."

परवा सकाळी साडेपाचला मी मैदानावर गेले. मी नोकरी करते ते दहा ते साडेपाच, पहाटेचं साडेपाच मी पहिल्यांदाच पाहिलं. भावोजींनी आठही पट्ट्या आखून ठेवल्या होत्या. आदल्या दिवशी न आलेल्या नाकतोडीला ताईने दटावून आणलं होतं, आज शेवटचं धाव आणि मग काय ते ठरव म्हणून. शेवटचं म्हणून मुलगी जीव तोडून धावली. ताईने घड्याळ दाबलं, पाहिलं, हलवलं, पुन्हा पाहिलं. "बारा पॉइंट शून्य," ती म्हणाली आणि मटकन मातीत बसली. मग उठून तिने त्या मुलीला मिठीत घेतलं आणि हसत सुटली. "गेला माझा विक्रम. गेला एकदाचा." मी तिला एवढं खूश तिच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

भावोजी पुढे आले. आता हे गॅसबद्दल बोलणार असं मला वाटलं. पण ते रेघेशी उभे राहिले आणि म्हणाले, "ही रेघ नव्व्याण्णव मीटरवर आहे. आज मी मुद्दाम आखली. तू विक्रम केलास त्या दिवशीही ती इथेच होती. तेव्हा मुद्दाम नव्हती. फीत तीनवर न्यायची ती दोनवर थांबली."

त्यांच्या आयुष्यातलं एवढं सरळ बोलणं मी आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

ताईने नवी स्टीलची फीत मागितली, शताब्दीच्या निमित्ताने एकदाची मंजूर झालेली. स्वतः मोजलं, एकदा आणि परत एकदा. मग ती रेघेवर उभी राहून बोटांवर मोजायला लागली. मला वाटलं ती पाटीबद्दल काही बोलेल, नोकरीबद्दल बोलेल. ती म्हणाली, "बारा पॉइंट दोन. नंतर पुन्हा बारा पॉइंट दोन. मग तीन, तेव्हा ताप होता. मग दोन." बोटं संपली. "म्हणजे मी कमी पडत नव्हते."

"नाही," भावोजी म्हणाले. "तू तेवढीच धावत होतीस."

"दोन वर्षं मी इथे रोज पहाटे येत होते."

"हो."

"आणि तुम्ही समोर उभे होतात."

"होतो."

ताईने नाकतोडीला सांगितलं, आजचं पुरे, पाय मोकळे कर. मग शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवली आणि कमानीतून निघून गेली. भावोजी खराट्याने ती रेघ पुसत बसले. पुसून झाली तरी पुसत होते.

पुढचे नऊ दिवस ताई त्यांच्याशी बोलली नाही. घरात बोलणं माझ्यामार्फत चालायचं. मी समोर असले तर ती म्हणायची, त्यांना सांग डबा टेबलावर आहे. ते डब्याला हात लावूनच उभे असायचे. मी नसले तर फोन करून सांगायची. एकदा मी कार्यालयात साहेबांचं पत्र टंकित करत असताना तिचा फोन आला की त्यांना सांग, मोजे दोरीवर वाळतायत. मी ते पत्रात टंकित केलं आणि साहेबांनी सही करून पाठवलंसुद्धा.

शताब्दीच्या दिवशी वीस हजार माणूस आला. खुर्च्या जवळजवळ होत्या, कारण निवडणूक नव्हती. सकाळी स्पर्धा झाल्या. शर्यतीची पट्टी ताईच्या सांगण्यावरून तीन पंचांनी स्टीलच्या फितीने मोजली, आणि नाकतोडी धावली तिच्या ठरलेल्या बारा पॉइंट दोनमध्ये. माइकवरच्या माणसाने सांगितलं, विक्रम थोडक्यात हुकला. लोक हळहळले. मुलीने तोंड ओंजळीत लपवलं.

दुपारी भाषणं. पाहुण्यांनी इतिहास सांगितला, तो दुसऱ्याच कुठल्यातरी स्टेडियमचा होता. मग जुन्या विक्रमवीरांचा सत्कार. ताईला बोलावलं. तिने शाल घेतली, ती खुर्चीवर ठेवली आणि माइक हातात घेतला.

"पाटीवरचं माझं नाव उतरवा," ती म्हणाली. "त्या दिवशी रेघ एक मीटर अलीकडे पडली होती. मी नव्व्याण्णव मीटर धावले. हे मला गेल्या आठवड्यात कळलं. शंभर मीटरचा इथला खरा विक्रम त्याआधीचा, बारा पॉइंट चार, मधल्या वर्षांत स्पर्धेत कुणी त्याच्या खाली आलं नाही. तो आज सकाळी या मुलीने मोडलाय. तिला वसतिगृहाचं पत्र द्या. मला वाटलं होतं नव्व्याण्णव मीटरचा विक्रम तरी माझ्याकडे राहील, कारण ते अंतर शहाणं माणूस धावत नाही. पण तोही हिने गेल्या आठवड्यातच मोडला."

आधी कुणाला काही कळेना. मग मागून कुणीतरी हसलं, आणि हसू खुर्च्यांच्या रांगांतून पुढे आलं. नाकतोडी कुठे आहे म्हणून लोक उभे राहून बघायला लागले. मी बघत होते भावोजींकडे. ते पार पलीकडे, झेंड्याच्या खांबाला टेकून उभे होते. मंचावरून साहेबांनी विचारलं, "पण ती रेघ आखली कुणी?"

ताई म्हणाली, "रेघ सरळ होती. एवढंच मला आठवतं."

छत्तीस वर्षं या मैदानावर रेघा कोण आखतं ते पोरासोरांनाही माहीत होतं. सगळं मैदान हसलं. साहेबांनी चौकशी समिती नेमली, तिचा अहवाल ती समिती ऐतिहासिक झाली की येईल. पत्र मात्र नाकतोडीला त्याच दिवशी मिळालं. मी जागेवर टंकित केलं आणि तीनदा वाचून पाहिलं, त्यात मोजे नव्हते.

मला वाटलं, मिटलं. ताईने चारचौघांत नवऱ्याला वाचवलं, आता घरी जातील. गर्दी पांगल्यावर आम्ही तिघं कमानीपाशी भेटलो. ताई नऊ दिवसांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून बोलली.

"विक्रमाचं मला काही नाही. चूक कुणाच्याही हातून होते. पण त्या दोन वर्षांत तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर मी धावत राहिले असते. कुठवर गेले असते माहीत नाही. कदाचित कुठेच नाही. पण धावले असते. ती दोन वर्षं मला परत द्या."

भावोजींनी विषय बदलला नाही. मान खाली घालून म्हणाले, "कशी देऊ?"

"तीस तारखेला तुम्ही निवृत्त होताय. एक तारखेपासून रोज पहाटे साडेपाचला इथे यायचं आणि माझ्या मुलींसाठी रेघा आखायच्या. दोन वर्षं. एक दिवस खाडा चालणार नाही, आणि मी प्रत्येक रेघ मोजून घेणार."

"बरं," भावोजी म्हणाले.

सात महिने झाले त्याला. भावोजी रोज पहाटे उठतात, सायकल खांबाला लावून, म्हणजे भिडवून, आत येतात आणि वाकून आठ पट्ट्या आखतात. ताई मागून स्टीलची फीत घेऊन येते. बोटभर फरक पडला तरी पायाने पुसते आणि पुन्हा आखायला लावते. घरी गेल्यावर त्यांच्या कंबरेला शेकही तीच देते. परवा मी मुद्दाम लवकर गेले. भावोजी पलीकडच्या टोकाला होते. मी ताईला विचारलं, "माफ केलंस का गं त्यांना?"

ताईने फीत गुंडाळत त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अजून सतरा महिने आहेत."